सलाम आणि क्रूस: मुस्लिम शेजारात तग धरून राहिलेले इजिप्तचे ख्रिस्ती

शाईपेन

गेल्या आठवड्यात मावसबहिणीचा फोन आला. नवऱ्याची बदली आखातात झालीय, दोन महिन्यांत बिऱ्हाड हलवायचंय. सामान, शाळा, व्हिसा सगळं बोलून झाल्यावर हळूच म्हणाली, "ताई, तिकडे आपली श्रद्धा कशी सांभाळायची गं? चहूकडे मुसलमान असणार." मला फोनवर धड उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून तेता सारखी डोळ्यांसमोर येतेय, म्हणून हा धागा.

तेता म्हणजे इजिप्तच्या बोलीत आजी. २०१५ ते २०१९ आम्ही कैरोत शुब्रा भागात राहिलो, तेव्हाची ही आमची घरमालकीण. सत्तरी ओलांडलेली, कॉप्टिक ख्रिस्ती. ती चौथ्या मजल्यावर, आम्ही तिसऱ्यावर आणि दुसऱ्यावर एक निवृत्त शाळामास्तर आणि त्यांची बायको. मास्तर पाच वेळचे नमाजी. शुब्रा हा असाच जुना, दाट भाग आहे. ख्रिस्ती आणि मुसलमान तिथे एकाच जिन्याने वर-खाली करतात.

कॉप्ट म्हणजे इजिप्तचे मूळचे ख्रिस्ती. शुभवर्तमान लिहिणाऱ्या संत मार्काने अलेक्झांड्रियात सुवार्ता आणली अशी त्यांची परंपरा आहे. त्यांची कालगणना इ.स. २८४ पासून सुरू होते. त्या वर्षी डायोक्लेशियन रोमचा सम्राट झाला आणि पुढे त्याच्या राज्यात ख्रिस्ती लोकांचा अतोनात छळ झाला, म्हणून या शकाचं नावच 'हुतात्म्यांचा शक'. आपल्याकडे शक राजाच्या विजयावरून सुरू होतो, यांचा मरणावरून. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ गप्प होते. अरब सैन्य इजिप्तमध्ये आलं ६३९ च्या अखेरीस. त्यानंतरही कित्येक पिढ्या ख्रिस्तीच बहुसंख्य होते. मग हळूहळू ओसरत गेले, आणि आज दहातला एक असा साधारण अंदाज सांगतात.

आम्ही मराठी ख्रिस्ती, माझे वडील पाळक. रविवारची उपासना, घरची प्रार्थना सगळं लहानपणापासून होतं. तरी तिथे गेल्यावर पहिले काही महिने मी आक्रसून गेले होते. पहाटे अजान झाली की जाग यायची आणि छातीत काहीतरी गोळा व्हायचं. मग लक्षात आलं की त्याच वेळी वरच्या मजल्यावर दिवा लागतो, खुर्ची सरकते. एकदा धीर करून तेताला विचारलं. ती म्हणाली, "तो प्रार्थनेला बोलावतो. मी उठते आणि माझी प्रार्थना करते." इतकंच. मशिदीची हाक तिचं घड्याळ होती, आणि त्यात तिला काही अवघड वाटत नव्हतं.

तिच्याकडे अग्बिया नावाचं पुस्तक होतं. दिवसाच्या सात प्रहरांच्या सात प्रार्थना, त्यात मुख्यतः स्तोत्रं. प्रत्येक प्रार्थनेत 'किरिये इलेइसोन', म्हणजे 'प्रभू, दया कर', हे ४१ वेळा म्हणायचं. येशूच्या पाठीवरचे ३९ फटके, एक काटेरी मुकुट, एक भाला. तेता बोटांच्या पेरांवर मोजायची, अगदी माझी आजी जप मोजायची तशी.

उपवासांचं तर विचारू नका. वर्षातले दोनशेहून जास्त दिवस कॉप्टिक लोक उपवास करतात, त्यात दूध, तूप, अंडं, मांस काही नाही. ईस्टरआधीचा एकटा मोठा उपवास ५५ दिवसांचा. या उपवासाच्या पदार्थांना 'सियामी' म्हणतात, दुकानांत बिस्किटंसुद्धा सियामी मिळतात. मास्तरांच्या बायकोला तेताचे उपवास तेताइतकेच पाठ होते. त्या काळात तिच्याकडून वर येणारं फूल, म्हणजे उकडलेला बाकला, तेलात केलेलं असायचं, तुपात कधीच नाही. आणि तेता रमजानात दुपारी कांदा तळायची नाही. वास जिन्यात उतरतो म्हणून. कोणी कोणाला हे करायला सांगितलेलं नव्हतं.

तिच्या उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला गोंदलेला निळा क्रूस होता, विटून हिरवट झालेला. चार वर्षांची असताना मठाच्या जत्रेत गोंदवलेला. तिच्या ओळखीच्या बहुतेक सगळ्यांना होता. मी विचारलं, भीती नाही वाटत, बसमध्ये हात वर केला की सगळ्यांना दिसतो? तिने हात उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "पुसता येत नाही. आई म्हणायची, म्हणूनच बरं."

माझ्या बहिणीला मी हेच सांगणार आहे की पेरांवर मोजायला शीक. तुम्हाला काय वाटतं? कोणी असं राहिलंय का?


पिंपळपान

फार आतून लिहिलंय. कांदा न तळण्याचं वाचून डोळे भरले. पुढचं पण लिहा, थांबू नका.


माजघर

शाईपेन, सुंदर. हा प्रश्न मला इतिहासाच्या बाजूने अनेक वर्षं छळतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

इजिप्तच्या पश्चिमेला आजचा ट्युनिशिया आणि अल्जेरिया आहे. एके काळी ख्रिस्ती जगाचं हे काळीज होतं. थोर ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीन तिथलाच. ४११ साली कार्थेज या तिथल्या शहरात दोन भांडणाऱ्या पंथांच्या बिशपांची सभा भरली, तेव्हा दोन्ही बाजूंचे मिळून पाचशेहून जास्त बिशप जमले होते. आता १०७६ ला या. पोप ग्रेगरी सातवे पत्रात दुःख करतात की एका नव्या बिशपाचा दीक्षाविधी करायला तीन बिशप लागतात आणि संपूर्ण आफ्रिकेत तेवढेही उरलेले नाहीत. त्यानंतर बाराव्या शतकात अलमोहाद या मुस्लिम राजवटीने राहिलेसाहिले संपवले. तिथली स्थानिक मंडळी, म्हणजे चर्च, इतिहासातून नाहीशी झाली.

एकाच शतकात दोन्हीकडे अरब राज्य आलं, मग एकीकडे हे आणि दुसरीकडे शुब्रातली तेता, असं का? कारणं बरीच आहेत, पण मला सगळ्यात मोठं वाटतं ते भाषेचं. कार्थेजची उपासना लॅटिनमध्ये चालायची. डोंगरातल्या, तिथल्या मूळच्या बर्बर जमातीतल्या शेतकऱ्याच्या भाषेत पवित्र शास्त्र (बायबल) आलंच नाही. शहरातले सुशिक्षित समुद्र ओलांडून इटलीला, स्पेनला जाऊ शकत होते, आणि बरेच गेले. इजिप्तमध्ये शास्त्र कॉप्टिक भाषेत होतं, म्हणजे शेतावरच्या माणसाच्या बोलीत. मठ वाळवंटात होते, आणि मठातले साधू त्याच शेतकऱ्यांचे भाऊबंद.

यापुढची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. लोक अरबी बोलू लागले, तेव्हा इजिप्तच्या मंडळीने अरबीला शत्रूची भाषा म्हणून दूर ठेवलं नाही. दहाव्या शतकात साविरुस इब्न अल-मुकफ्फा या बिशपाने ख्रिस्ती सिद्धान्त अरबीत लिहिले. बाराव्या शतकात पोप गॅब्रिएल दुसरे (कॉप्टिक मंडळीच्या प्रमुखालाही पोपच म्हणतात) यांनी लोकांना प्रार्थना अरबीत समजावून द्यायला लावल्या. घरातली कॉप्टिक गेली, पण उपासनेत ती अजून ऐकू येते. भाषा सोडून श्रद्धा राखली, असं म्हणायचं धाडस मी करतो. आणि ज्या भाषेत कुराण आहे त्याच भाषेत तेता 'प्रभू माझा मेंढपाळ' म्हणत असेल.


शाईपेन

माजघर, अगदी खरं. तेताची अग्बिया अरबीच होती. तेविसावं स्तोत्र ती 'अर-रब्ब राई' असं म्हणायची. आणि देवाला 'अल्लाह' म्हणायची. मला सुरुवातीला ते कानाला टोचायचं, मग समजलं की अरब ख्रिस्ती शतकानुशतकं तसंच म्हणत आलेत. सिनाई पर्वताच्या मठात अरबी शास्त्राची ८६७ सालची तारीख असलेली हस्तलिखित प्रत आहे.

यावरून आठवलं. मराठी पवित्र शास्त्रात पौल रोमकरांना पत्र संपवताना काय म्हणतो? अमक्याला सलाम सांगा, तमकीला सलाम सांगा. सगळा सोळावा अध्याय सलामांनी भरलेला. आणि माझे वडील मंडळीच्या दारात उभे राहून प्रत्येकाला 'सलाम' म्हणत. म्हणजे मुस्लिम शेजाऱ्याचा शब्द आपल्या वडिलांच्या तोंडात होताच, मला कैरोत जाऊन तो ऐकू आला.


सातवा_मजला

मला हा धागा वाचताना आनंदही होतोय आणि रागही येतोय. रागाचं कारण लिहितो, शाईपेन, वाईट वाटून घेऊ नका.

शेजारधर्माच्या गोष्टी खऱ्या असतात, पण त्या सांगताना दुसरी बाजू पायाखाली जाते. इजिप्तमध्ये शतकानुशतकं ख्रिस्ती माणसाने जिझिया भरला. तो कर उठला १८५५ मध्ये. चर्च बांधायची परवानगी १८५६ च्या उस्मानी (तुर्की) फर्मानाशी बांधलेली. त्यात १९३४ ला दहा अटींची भर पडली. जवळ मशीद आहे का, शेजारच्या मुसलमानांची हरकत आहे का, असल्या. चर्चबांधणीचा स्वतंत्र कायदा यायला २०१६ उजाडलं. ओळखपत्रावर धर्म छापलेला. मुसलमान पुरुष ख्रिस्ती बाईशी लग्न करू शकतो, ख्रिस्ती पुरुषाला मुसलमान बाईशी करायचं तर आधी मुसलमान व्हावं लागतं.

२०१६ च्या मे महिन्यात मिन्या प्रांतातल्या अल-करम गावात एका वृद्ध ख्रिस्ती बाईचे कपडे फाडून जमावाने तिला रस्त्यावर ओढलं. कारण काय, तर तिच्या मुलाचं एका मुसलमान बाईशी नाव जोडलं गेलं होतं. अशा वेळी खेड्यांत 'समेटाची बैठक' बसते. मार खाणाऱ्याने मारणाऱ्याशी हात मिळवायचा आणि प्रकरण मिटवायचं. त्या बाईने बैठक नाकारली आणि कायद्याचा रस्ता धरला. २०२० च्या डिसेंबरात आरोपी निर्दोष सुटले.

म्हणून विचारतो. कांदा न तळणं ही प्रेमाची गोष्ट आहे की शेकडो वर्षं खाली मान घालून जगण्याची सवय? माझ्या मनात दोन्ही शक्यता आहेत.


शाईपेन

सातवा_मजला, वाईट का वाटेल? हे तुम्ही लिहिलं नसतं तर मला लिहावं लागलं असतं, आणि मी ते टाळत होते.

९ एप्रिल २०१७, झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. तेता पहाटेच चर्चला जाऊन झावळीचा विणलेला क्रूस घेऊन आली होती, मला एक दिला होता. मग बातम्या सुरू झाल्या. आधी तांता, मग अलेक्झांड्रिया. दोन चर्चमध्ये स्फोट, चाळीसहून अधिक माणसं गेली. त्याआधी डिसेंबरात कैरोतल्याच एका चर्चमध्ये स्फोट झालेला. त्यात मुख्यतः बायका आणि मुली गेल्या होत्या, कारण बॉम्ब बायकांच्या बाजूला फुटला.

मास्तर वर आले. दारात उभे राहिले. माणूस भाषेचा शिक्षक, पण एक शब्द फुटेना. त्यांची बायको आत जाऊन तेताच्या पायाशी जमिनीवर बसली. पुढच्या शुक्रवारी, उत्तम शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडे, तेता चर्चला जाणारच म्हणाली. मुलगा परदेशातून फोनवर ओरडत होता. मास्तर तिला हाताला धरून घेऊन गेले आणि उपासना संपेपर्यंत फाटकाबाहेर उभे राहिले. उत्तम शुक्रवारची त्यांची उपासना कित्येक तासांची असते. माणूस तेव्हा अडुसष्ट वर्षांचा होता.

याने अल-करमच्या बाईला न्याय मिळत नाही, हे मला कळतं. मास्तरांनाही कळत होतं. एकदा म्हणाले होते, "मी फाटकाशी उभा राहू शकतो. कायदा मला लिहिता येत नाही."

त्या आठवड्यातली आणखी एक गोष्ट. अलेक्झांड्रियात मार्काच्या कॅथीड्रलच्या फाटकावर जो पहारेकरी होता, त्याने त्या माणसाला तपासणीच्या यंत्रातून यायला लावलं, आणि स्फोट फाटकापाशीच झाला. आत पोप तवाद्रोस होते, भरलेलं चर्च होतं. पहारेकरी गेला. त्याची विधवा टीव्हीवर बोलली की ज्याने हे केलं त्याला मी क्षमा करते, देव तुला क्षमा करो. कार्यक्रमाचा मुसलमान निवेदक कितीतरी वेळ बोलूच शकला नाही. साऱ्या इजिप्तने ते पाहिलं. आम्ही तेताच्या घरी पाहत होतो. तेता रडली आणि म्हणाली, "मला नसतं जमलं."

मला तेताचं हे वाक्य त्या क्षमेइतकंच जवळचं आहे. रोज सात वेळा प्रार्थना करणारी, ४१ वेळा दया मागणारी बाई म्हणते मला नसतं जमलं. म्हणून मला वाटतं ती खाली मान घातलेली नव्हती. ती स्वतःशी खरं बोलायची, आणि शेजारणीची तहान ओळखायची. कांदा त्यातच आला.


खलाशी

बरेच दिवस फक्त वाचत होतो, आज लिहितो. मी मराठी मुसलमान. जहाजावर नोकरी, अलेक्झांड्रिया बंदरात अनेकदा थांबलोय.

हा धागा मी उलटा करून वाचतोय. इथे तेता अल्पसंख्य आणि मास्तर बहुसंख्य. माझ्या स्वतःच्या आयुष्यात मी तेताच्या जागी आहे. आमच्या जिन्यात एकटं घर आमचं. त्यामुळे 'चहूकडे मुसलमान असणार' हे वाक्य वाचून आधी खटकलं, मग वाटलं, माझ्या आईनेही मी शाळा बदलली तेव्हा हेच म्हटलं होतं, फक्त शब्द दुसरा होता.

२०१५ च्या फेब्रुवारीत लिबियाच्या किनाऱ्यावर २१ जणांचे गळे कापले, त्याची चित्रफीत आली तेव्हा मी समुद्रावरच होतो. वीस कॉप्ट मजूर आणि एक घानाचा. पोटासाठी परमुलखात गेलेले, माझ्यासारखेच. शेवटच्या क्षणी ओठांवर येशूचं नाव होतं. ज्यांनी मारलं त्यांनी माझ्या धर्माचं नाव घेऊन मारलं. त्या रात्री नमाजला उभा राहिलो आणि सूरा आठवेना.

कुराणाच्या बाविसाव्या सूरेत लिहिलंय की अल्लाहने काही लोकांना दुसऱ्यांकरवी रोखलं नसतं, तर मठ, चर्च, ज्यूंची प्रार्थनास्थळं आणि मशिदी पाडल्या गेल्या असत्या, जिथे त्याचं नाव पुष्कळ घेतलं जातं. यादीत मशीद शेवटी येते. मक्केत पहिल्या मुसलमानांचा छळ झाला तेव्हा त्यांना आसरा कोणी दिला? हबश्याच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूच्या, ख्रिस्ती राजाने. हे आम्हाला लहानपणी शिकवतात. मोठेपणी विसरायला कोण शिकवतं, ते मला कळत नाही.

मास्तरांना माझा सलाम सांगा.


शाईपेन

खलाशी, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला, मग नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. माझं ते वाक्य बहिणीचं होतं, पण मी ते न अडखळता लिहिलं, ते माझंच. तुम्ही खटकलं म्हणून सांगितलंत, आभार.

सलाम नक्की पोचवते. दर ईदला आणि दर ७ जानेवारीला त्यांचा संदेश येतो. (कॉप्टिक नाताळ ७ जानेवारीला असतो, २००३ पासून इजिप्तमध्ये सर्वांना सुट्टी.) दोन्ही सणांना शब्द तेच, 'कुल्ल सना व इन्ती तय्यिबा', दरवर्षी तू सुखी अस. ईदला आणि ईस्टरला दोन्ही घरांत काह्क भाजत, पिठीसाखर भुरभुरलेली बिस्किटं. ताटं वर-खाली जायची आणि शेवटी कोणाचं ताट कोणाकडे राहिलं याचा पत्ता नसायचा.


माजघर

खलाशी, मनापासून लिहिलंत. २१ जणांबद्दल थोडी भर. त्यातले बरेचसे मिन्यातल्या अल-ऊर या एका गावचे. तिथे आता त्यांच्या नावाने चर्च उभं आहे, त्यांचे अवशेष तिथेच ठेवलेत. दोन सख्खे भाऊ त्यात गेले. त्यांच्या भावाने टीव्हीवर फोन करून मारेकऱ्यांचे आभार मानले की चित्रफितीतला आवाज त्यांनी कापला नाही, त्यामुळे भावांनी शेवटी कोणाचं नाव घेतलं ते आम्हाला ऐकता आलं. माणूस इतकं मोठं कसं बोलू शकतो? याचं उत्तर मला त्या 'हुतात्म्यांच्या शका'त सापडतं. पाळण्यापासून रोजची तारीखच ज्यांना हे सांगते, त्यांना ही भाषा येते.

आणि सातवा_मजला यांच्यासाठी: खाली मान घालणाऱ्यांचा समाज स्वतःला आतून इतका घडवत नाही. हबीब गिर्गिस नावाच्या एका शिक्षकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॉप्टिक मुलांसाठी रविवारच्या शाळा सुरू केल्या, कारण घरोघर मुलं स्वतःच्या श्रद्धेबद्दल अडाणी होत होती. त्या शाळांतून पुढे साधू आले, बिशप आले, पोप शेनूदा तिसरे आले. त्याच शेनूदांना राष्ट्राध्यक्ष सादातने १९८१ मध्ये वाळवंटातल्या मठात स्थानबद्ध केलं, १९८५ पर्यंत. रस्ता अडला की ही माणसं आतली खोली बांधत बसतात. १९१९ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव झाला तेव्हा सर्जियस नावाच्या कॉप्टिक पाद्र्याने अल-अझहर मशिदीच्या व्यासपीठावरून भाषणं केली, आणि चंद्रकोर व क्रूस एकत्र असलेले झेंडे रस्त्यावर निघाले. शंभर वर्षांपूर्वी हेही झालंय.


सातवा_मजला

माजघर, शाईपेन, पटलं असं पूर्ण म्हणत नाही, पण 'मला नसतं जमलं' हे वाक्य माझ्याबरोबर राहील. आणि खलाशी, तुमचा प्रतिसाद येईपर्यंत मी या धाग्यावर एका मुसलमान वाचकाची कल्पनाच केली नव्हती. ते मी माझ्याकडे नोंदवून ठेवतो.


रानजाई

सगळ्यांना सलाम. मी धाडस करून माझा प्रश्न विचारते, कारण हल्ली मीच शाईपेनच्या मावसबहिणीच्या जागी आहे. देशाचं नाव लिहीत नाही. इथे येऊन आठ महिने झाले. उपासनेला जागा आहे, तासभर लांब आहे, पण आहे. माझं माझं मी बघेन. प्रश्न मुलीचा आहे.

ती नऊ वर्षांची आहे. वर्गात तिची एक जिवाभावाची मैत्रीण झालीय, चांगल्या घरातली, गोड मुलगी. परवा ती हिला रडत म्हणाली, "तुम्ही तीन देव मानता ना, मग तू नरकात जाशील आणि आपण तिकडे भेटणार नाही." वाईट बोलायचं म्हणून बोलली नाही हो ती पोर, खरंच रडत होती. माझी मुलगी घरी येऊन विचारते, "आई, आपण तीन देव मानतो का?" मी त्रैक्याचं (बाप, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) जे काही शिकले होते ते सांगायला गेले आणि तिसऱ्या वाक्याला अडकले. मलाच नीट सांगता येत नाही हे मला त्या दिवशी कळलं. दोन रात्री झोप नाही. तेताच्या नातवंडांना असं कोणी म्हणत असेल ना? त्या काय सांगायच्या?


शाईपेन

रानजाई, अगं, झोप आधी. तू अडकलीस यात कमीपणा नाही. मीही अडकले असते.

तेताच्या नातीलाही वर्गात हेच ऐकायला मिळालं होतं. इजिप्तमधल्या प्रत्येक ख्रिस्ती मुलाला कधी ना कधी मिळतं. तेता तिच्याशी वादाला बसली नाही. तिने फक्त क्रूसाची खूण करायला लावली आणि शब्द हळू म्हणवून घेतले. आपण म्हणतो, 'बाप, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने, आमेन.' अरबी बोलणारे ख्रिस्ती तिथे थांबत नाहीत. ते पुढे म्हणतात, 'एक देव, आमेन.' प्रत्येक वेळी. जेवणाआधी, झोपताना, बस सुटताना.

हे शब्द मुस्लिम शेजाऱ्यांमध्ये राहूनच इतके ठसठशीत झाले असणार, असं मला वाटतं. शेजारी शतकानुशतकं विचारत राहिला, तुम्ही तीन मानता का? त्याच्या विचारण्याने आपल्याच श्रद्धेतलं जे आपण गृहीत धरलं होतं ते ओठांवर आलं. वडील गेल्यावर मी घरच्या प्रार्थनेतही ते शब्द म्हणायला लागले. आधी आईला नवल वाटलं, आता तीही म्हणते.

मुलीला इतकंच सांग की आपला देव एकच. मैत्रिणीचं रडणं मात्र खरं आहे, त्याला उत्तर देऊ नकोस, तिला घरी बोलव.


माजघर

रानजाई, एक गोष्ट मुलीला सांगण्यासारखी आहे. साधारण ७८१ साली बगदादमध्ये खलिफा अल-महदी आणि तिथल्या पूर्वेकडच्या मंडळीचे प्रमुख तिमथी पहिले यांचा दोन दिवस संवाद झाला. खलिफाने हेच प्रश्न विचारले, अगदी तीन देवांचाही. तिमथींनी एक दृष्टान्त दिला. रात्री अंधाऱ्या घरात मोती पडला. सगळे चाचपडताहेत. एकाच्या हाती मोती आलाय, दुसऱ्याच्या काच, तिसऱ्याच्या खडा, पण प्रत्येकाला वाटतंय आपल्याकडेच मोती. उजेड झाला की कळेल. खलिफाच्या दरबारात, खलिफाच्या तोंडावर बोलले हे, आणि स्वतःचा मोती खाली न ठेवता बोलले. पुढे त्यांनी हेही म्हटलं की मोती आमच्या हाती आहे असा आमचा विश्वास आहे. खलिफानेही आपली बाजू सोडली नाही. दोघे ज्याच्या त्याच्या घरी गेले.


खलाशी

रानजाई ताई, त्या छोट्या मैत्रिणीच्या आईशी बोला. मुलीमार्फत नको, स्वतः बोला. बहुतेक तिला माहीतही नसेल. माझ्या मुलीने असंच काही शेजारच्या मुलाला ऐकवलं होतं, मला सहा महिन्यांनी कळलं. आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.


रानजाई

उशिरा लिहितेय, माफ करा. काल तिच्या आईला फोन केला. मी बोलायला सुरुवात केली आणि ती बिचारी हादरूनच गेली. म्हणाली, मी तिला असं कधी शिकवलेलं नाही, वर्गात कुठून तरी ऐकलं असेल. मग आम्ही दोघी काही वेळ गप्प होतो. शुक्रवारी मुलीला घेऊन ती येणार आहे.

रात्री झोपताना प्रार्थना झाली. मी 'आमेन' म्हणणार तर मुलीने माझा हात धरून थांबवलं आणि स्वतःच म्हणाली, "एक देव, आमेन." मग उठून बसली आणि विचारते, "हे अरबीत कसं म्हणतात? मला तिला सांगायचंय."

शाईपेन, लिहून द्याल का? शुक्रवारच्या आत.


शाईपेन

अल-इलाह अल-वाहिद, आमीन.

'वाहिद'मधला ह जरा घशातून, श्वास सोडत म्हणायचा. तिला नाही जमला तर मैत्रीण शिकवेल.